आईच्या रक्तातील लोखंडाचा जमाखर्च

माणसाच्या शरीरात लोखंड असते तरी किती? निरोगी प्रौढ पुरुषाच्या शरीरात ते सुमारे ४ ग्रॅम असते. स्त्रीच्या शरीरात त्याहून कमी, म्हणजे अडीच ते तीन ग्रॅम. सुताराच्या पिशवीतला एखादा मध्यम खिळा तराजूत टाकला, तर त्याचे वजन साधारण एवढेच भरेल. या खिळ्याएवढ्या भांडवलावर आपला श्वास, आपले चालणे-धावणे आणि आपला अभ्यासही चालतो.

आता असे समजा, की या भांडवलाच्या मालकिणीला नऊ महिन्यांत आणखी एक मोठा खर्च निभवायचा आहे. तिच्या पोटात बाळ वाढते आहे. त्याचे रक्त, त्याचे स्नायू, त्याचा मेंदू या साऱ्यांना लोह हवे आहे. ते तिच्याकडूनच जायचे आहे. सगळा हिशेब केला तर गर्भारपणात स्त्रीला सुमारे १,००० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम लोह लागते. आपल्या देशात पुष्कळ स्त्रियांना हा खर्च पेलत नाही. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर १०० गरोदर स्त्रियांपैकी ५२ जणींना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, असल्याचे आढळले. हे असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे समजून घेण्यासाठी आपण लोहाचा जमाखर्चच मांडून पाहू.

लोह रक्तात काय करते?

रक्ताचा लाल रंग तांबड्या पेशींमुळे येतो, हे तुम्ही शिकला आहात. प्रत्येक तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात, आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरून ठेवतो. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि पेशीपेशीपर्यंत पोचवून तेथे सोडायचा, हे या अणूंचे काम. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी बनते. तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. वाहने रस्त्यावर आहेत, पण निम्मी रिकामी धावत आहेत, असा तो प्रकार होतो. मग हृदयाला तेवढाच ऑक्सिजन पोचवण्यासाठी अधिक वेगाने रक्त ढकलावे लागते. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, थोड्या कामाने थकवा येतो.

काटकसरी शरीर

लोहाच्या बाबतीत आपले शरीर फार काटकसरी आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडीत निघाली की तिच्यातले लोह शरीर फेकून देत नाही. ते काढून घेऊन अस्थिमज्जेकडे पाठवले जाते आणि त्यातून नवी पेशी घडते. जुन्या पेशींतून असे रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत वापरात येते. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जाते ते दिवसाला फक्त १ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढे अन्नातून मिळाले की पुरुषाचा हिशेब जुळतो.

स्त्रीच्या वहीत मात्र खर्चाची आणखी एक बाब असते. १ मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. मासिक पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेले. याचा दिवसावार हिशेब केला तर तिला रोज साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह पुरुषापेक्षा जास्त मिळवावे लागते. हा आकडा दिसायला लहान आहे. पण वर्षानुवर्षे रोज अर्धा मिलिग्रॅम कमी पडत गेले, तर शरीराचे कोठार रिकामे होते. हे कोठार मुख्यत्वे यकृतात आणि अस्थिमज्जेत असते. त्यातला साठा संपेपर्यंत हिमोग्लोबिन फारसे उतरत नाही. म्हणून बाहेरून सारे ठीक दिसत असतानाही आतली शिल्लक शून्यावर आलेली असू शकते.

नऊ महिन्यांचा खर्च

गर्भारपणात लागणारे १,००० मिलिग्रॅम लोह कशाकशावर खर्च होते? ढोबळ मानाने वाटणी अशी :

बाळ आणि वार यांच्यासाठी : ३०० मिलिग्रॅम
आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींसाठी : ५०० मिलिग्रॅम
रोजची नेहमीची घट : २०० मिलिग्रॅम

आईच्या वाढलेल्या पेशींतले पुष्कळसे लोह बाळंतपणानंतर तिच्या कोठारात परत येते. बाळाला दिलेले आणि बाळंतपणाच्या रक्तस्रावात गेलेले मात्र कायमचे जाते. या दिवसांत मासिक पाळी थांबलेली असते, तेवढी बचत होते. पण खर्चापुढे ती तोकडी पडते.

शिवाय हा खर्च नऊ महिन्यांवर सारखा पसरलेला नसतो. पहिल्या तीन महिन्यांत तो अगदी कमी असतो. शेवटच्या पाच महिन्यांत तो झपाट्याने वाढतो आणि सरासरी रोज ६ मिलिग्रॅमच्या घरात जातो. आता जमेची बाजू पाहू. समजा, एका स्त्रीच्या रोजच्या जेवणात १५ मिलिग्रॅम लोह आहे. भाजी-भाकरी, वरण-भात अशा आहारातले लोह शंभरातले आठ भागच रक्तात उतरते असे धरू. म्हणजे १.२ मिलिग्रॅम झाले. गर्भारपणात शरीर स्वतःहून हे प्रमाण वाढवते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे एक संप्रेरक आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहावर पहारा ठेवते. हा शोध एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लागला. गर्भारपणाच्या उत्तरार्धात हेप्सिडिन कमी होते आणि पहारा सैल पडतो. समजा, त्यामुळे तिप्पट लोह आत येऊ लागले, तरी ते रोजचे ३.६ मिलिग्रॅम झाले. ६ मधून ३.६ वजा केले तर २.४ मिलिग्रॅमची तूट राहिली. अशी तूट १४० दिवस आली, तर ३३६ मिलिग्रॅम कमी पडतील.

ही तूट कोठारातूनच भरून निघू शकते. गर्भारपणाच्या सुरुवातीला कोठारात ५०० मिलिग्रॅम लोह असेल तर काळजी नाही. पण पाळीचा खर्च, लोह कमी शोषले जाणारे जेवण, आतड्याला चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी आणि पाठोपाठची बाळंतपणे यांमुळे आपल्याकडील असंख्य स्त्रियांचे कोठार आधीच रिकामे असते. म्हणजे गर्भारपणात दिसणारा रक्तक्षय पुष्कळदा गर्भारपणाच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

रक्त पातळ होते, ते का?

येथे एक शंका येईल. आईच्या तांबड्या पेशी वाढतात असे म्हटले, मग तिचे हिमोग्लोबिन वाढायला हवे. ते थोडे उतरते कसे? याचे कारण असे, की पेशी २० ते ३० टक्क्यांनी वाढतात, पण ज्यात त्या तरंगतात तो रक्तद्रव ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. सरबतात साखर थोडी वाढवली आणि पाणी त्याहून जास्त वाढवले, तर एकूण साखर जास्त असूनही सरबत अगोड लागते, तसेच हे. असे पातळ रक्त वारेतून सहज वाहते, म्हणून ते बाळाच्या सोयीचेच असते. थोडी घट स्वाभाविक असल्यामुळे गरोदर स्त्रीसाठी मापही थोडे खाली धरतात. दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर आपल्याकडे रक्तक्षय मानतात. ते ७ ग्रॅमच्या खाली गेले तर तीव्र रक्तक्षय समजून रुग्णालयात उपचार करतात.

तूट आली तर

निसर्गाने बाळाची बाजू घेतली आहे. आईजवळ लोह कमी असले तरी वार ते तिच्या रक्तातून ओढून बाळाला देत राहते. पण याला मर्यादा आहेत. आईचा रक्तक्षय वाढला की बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत करते. आईच्या दुधात लोह थोडे असते, म्हणून पहिले सहा महिने बाळ या शिदोरीवर काढते. शिदोरी अपुरी असेल, तर मेंदूची वाढ वेगाने होत असते त्याच काळात लोह कमी पडते. जन्मानंतर लगेच नाळ न कापता एक ते तीन मिनिटे थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या एवढ्याशा वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि त्याच्या शिदोरीत भर पडते.

आईला तर जिवाचाच धोका असतो. बाळंतपणात थोडा रक्तस्राव प्रत्येकीला होतो. धडधाकट स्त्री तो सहज सोसते. जिचे हिमोग्लोबिन ६ किंवा ७ वर आहे, तिला तेवढाच रक्तस्राव भारी पडू शकतो. म्हणून गर्भारपणात हिमोग्लोबिनची तपासणी एकदा करून भागत नाही. ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

घरच्यांच्या लक्षात येण्याजोगी काही चिन्हेही आहेत. खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखे फिकी दिसतात. नेहमीच्या कामाने धाप लागते. माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. आपल्याकडे हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात. पण अशी इच्छा हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. माती खाल्ल्याने तूट भरून निघत नाही. उलट मातीतून जंत पोटात जातात आणि अन्नातले लोह मातीला चिकटून वाया जाते.

ताटातले लोह आणि रक्तातले लोह

बीट लाल असते म्हणून ते रक्त वाढवते, असे पुष्कळांना वाटते. बिटाच्या रंगाचा लोहाशी काही संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसते. सफरचंद कापून ठेवले की तांबूस होते, तेही लोहामुळे नव्हे. हवेतील ऑक्सिजन, फळातील काही द्रव्ये आणि एक विकर यांची ती क्रिया आहे. पालकात १०० ग्रॅमला ३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते खरे, पण त्यातले फारच थोडे रक्तात पोचते. बाजरी, कडधान्ये, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांत लोह बऱ्यापैकी असते. प्रश्न असतो तो शोषणाचा.

मटण, कोंबडी, मासे यांतले काही लोह हिमोग्लोबिनसारख्या रेणूंत बांधलेले असते. आतडे ते सहज उचलते. वनस्पतींतले लोह तसे नसते. धान्याच्या कोंड्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला पकडून ठेवतात आणि ते तसेच शरीराबाहेर जाते. क जीवनसत्त्व याच्या उलट काम करते. ते लोहाला आतड्यात विरघळलेल्या, शोषणाला सोप्या स्वरूपात ठेवते. आपल्या स्वयंपाकातल्या काही जुन्या रीती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले की फायटेट कमी होते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अधिक शोषले जाते. लोखंडी कढईत चिंच-आमसुलाची आमटी उकळली तर कढईचे थोडे लोह आमटीत उतरते. आवळा आणि पेरू यांत क जीवनसत्त्व भरपूर असते. ही फळे परवडणारीही आहेत. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र यातला बराचसा फायदा घालवतो. तो तास-दोन तासांनी घ्यावा.

हे सारे प्रत्येक घरात व्हायलाच हवे. पण मघाचा हिशेब आठवा. रिकाम्या कोठाराने सुरुवात केलेल्या स्त्रीला पाच महिन्यांत शेकडो मिलिग्रॅमची तूट नुसत्या जेवणातून भरून काढणे फार अवघड आहे. म्हणून गोळी लागते.

हिराकस आणि लाल गोळी

पूर्वी शाई घरी करत, तेव्हा हिरडा आणि हिराकस वापरत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा एक क्षार. शुद्ध करून आणि मोजून घेतलेला हाच क्षार लोहाच्या गोळ्यांत शंभराहून अधिक वर्षे वापरला जात आहे. (दुकानातले हिराकस मात्र औषध म्हणून कधीही खाऊ नये.) आपल्या देशात गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने त्याला नवे रूप मिळाले. त्यानुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी किमान १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले शंभरात दहा भाग शोषले गेले, तर रोजचे ६ मिलिग्रॅम होतात. शेवटच्या पाच महिन्यांचा रोजचा खर्च एवढाच होता, हे तुमच्या ध्यानात आले असेल. आधीच रक्तक्षय असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा शिरेतून लोह देतात.

गोळ्या मिळतात, पण पुष्कळदा त्या डब्यातच राहतात. कोणाला मळमळते, कोणाला बद्धकोष्ठ होते, शौचाचा रंग काळा दिसला की कोणी घाबरते. काळा रंग न शोषल्या गेलेल्या लोहाचा असतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेता येते. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर ती घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. त्रास फारच झाला तर मनाने बंद न करता आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे. गोळ्यांची डबी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कारण गोड गोळ्या समजून मुलांनी त्या खाल्ल्या तर विषबाधा होते. आणखी एक गोष्ट. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाचाच असतो असे नाही. सिकलसेल आणि थॅलसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडील काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ही तपासणी करतात.

मुंबईतला एक शोध

लाल गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्याची कथा मुंबईत सुरू होते. लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांत एक वेगळाच रक्तक्षय दिसत होता. त्यांच्या तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी नेहमीपेक्षा मोठ्या होत. हा दोष आहारातला असावा असे विल्स यांना वाटले. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि यीस्टचा अर्क दिल्यावर हा विकार बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातले ते द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान, त्यावरून फॉलिक आम्ल हे नाव पडले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने बनवण्यात आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. लोह ही हिमोग्लोबिनच्या भिंतीची वीट म्हटली, तर नव्या पेशींचे विभाजन नीट व्हावे म्हणून फॉलिक आम्ल लागते. एक असून दुसरे नसेल तर काम अडते.

निळी गोळी तुमच्यासाठी

सहावी ते बारावीच्या वर्गांत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, ती याच हिशेबाचा भाग आहे. तिच्यातही ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्याच सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना आणि १०० मुलांपैकी ३१ जणांना रक्तक्षय आढळला होता. वाढीच्या वयात स्नायू आणि रक्त दोन्ही वाढतात, म्हणून ही गोळी मुलांनाही लागते. वर्षभरात ५० गोळ्या घेतल्या आणि शरीराला गरज असल्याने त्यांतले दहा टक्के लोह शोषले गेले, तर ३०० मिलिग्रॅम जमा होतील. वर दिलेल्या खर्चाच्या यादीत बाळ आणि वार यांच्यापुढे हाच आकडा होता. वर्षातून दोनदा शाळेत दिली जाणारी जंतनाशक गोळीही चुकवू नका, नाहीतर जमा केलेले लोह अंकुशकृमी खातील. आणि घरात, शेजारी कोणी वहिनी, मावशी, ताई गरोदर असेल, तर तिची गोळ्यांची पाकिटे खरोखर रिकामी होत आहेत ना, हे जरूर विचारा.

करून पाहा

चहा लोहाला कसा पकडतो, हे डोळ्यांनी पाहता येते. एका काचेच्या पेल्यात थोडे व्हिनेगर घेऊन त्यात दोन-तीन लोखंडी खिळे दोन दिवस बुडवून ठेवा. व्हिनेगरमध्ये लोह उतरेल. दुसऱ्या पेल्यात दूध-साखर न घातलेला चहा गाळून गार होऊ द्या. त्यात खिळ्यांचे व्हिनेगर एक चमचा टाका. तांबूस चहा पाहता पाहता शाईसारखा काळा पडेल. हा काळा पदार्थ म्हणजे लोह आणि टॅनिन यांचे संयुग होय. (हे मिश्रण पिऊ नका.) आता काळ्या चहाच्या दोन भागांपैकी एकात लिंबाचा रस पिळा आणि रंगात काय फरक पडतो, ते वहीत नोंदवून शिक्षकांशी चर्चा करा.